रेखाकला परीक्षेतली भूमिती ठेवा, गाईडवरची नक्कल काढा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी सुरू झाली की एक सूचना हटकून कानावर येते. कर्तव्यभूमिती (पट्टी-कंपासने आकृत्या काढणे), घनभूमिती (घन वस्तूंची दृश्ये कागदावर काढणे) आणि अक्षरलेखनाचा पेपर आता बंद करावा. रेघा मारायला संगणक आहे, मुलांना मोकळेपणी रंगवू द्यावे. आम्हा दोघांपैकी एकाचा विषय शाळेतली चित्रकला, दुसऱ्याचा आयटीआयमधले इंजिनिअरिंग ड्रॉइंग. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. हा पेपर ठेवावा आणि तो घोकंपट्टीतून सोडवून मुलांच्या हातात द्यावा.

हे विषय एकत्र कसे आले ते आधी सांगतो. लंडनमध्ये १८३७ साली सरकारी डिझाइन शाळा निघाली, ती कारखान्यातल्या मालाला चांगला घाट यावा म्हणून. १८५२ पासून हेन्री कोल यांच्या हाती कारभार आल्यावर लंडनमधल्याच साउथ केन्सिंग्टनचा तेवीस पायऱ्यांचा अभ्यासक्रम ठरला. पहिली पायरी उपकरणांनी काढायच्या रेषांची आणि भूमितीची. मग मुक्तहस्त, छायाप्रकाश, पानेफुले, मानवाकृती. शेवटच्या दोन पायऱ्या संकल्पचित्राच्या (नक्षीच्या रचनेच्या) आणि तांत्रिक अभ्यासाच्या. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग सुरू झाले. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक तिथे आले, पुढच्याच वर्षी सजावटीचे रंगकाम, मूर्तिकाम आणि नक्षीदार लोखंडकाम अशा तीन कार्यशाळा निघाल्या. १८७९ मध्ये ड्रॉइंग हा विषय शाळांत नेण्याचे काम सुरू झाले, १८९३ मध्ये ड्रॉइंग शिक्षकांसाठी वर्ग निघाला. त्याच काळात १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि १८९० मध्ये बडोद्यात सयाजीराव महाराजांचे कलाभवन उभे राहिले. दादासाहेब फाळके जे. जे. आणि कलाभवन या दोन्ही ठिकाणी शिकले. चित्रकार आणि कारागीर यांचा पाया एकच धरला जात होता, हे त्यातून दिसते.

या जुन्या पद्धतीत एक मोठा दोष होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. छापील नमुन्यावरून नक्कल करणे फार होते. समोर वस्तू नाही, सपाट कागदावरची दुसऱ्याने काढलेली रेषा. ती हुबेहूब उतरली की पायरी पार. महिनोन्महिने मुले यातच अडकत. जे. जे.च्याच विद्यार्थ्यांना घेऊन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याला गेले आणि भिंतीसमोर बसून प्रतिकृती केल्या. तीही नक्कलच, पण तिथे मोजमाप, प्रमाण, झिजलेली रेषा ओळखणे हे सगळे स्वतः करावे लागले. छापील नमुन्यात यातले काहीच करावे लागत नाही.

आज तो छापील नमुना गाईडच्या रूपाने परत आला आहे. वर्तुळातली ठरावीक नक्षी, बाजाराचे ठरावीक स्मरणचित्र, षट्कोनी लोलकाचे (सहा बाजूंच्या सरळ खांबासारख्या घनाकृतीचे) ठरावीक प्लॅन-एलिव्हेशन, म्हणजे वरून आणि समोरून दिसणारी दृश्ये. मूल पाठ करते आणि उतरवते. जुन्या अभ्यासक्रमातले वाईट तेवढे आपण जपले आणि त्यातला भक्कम भाग टाकून द्यायला निघालो, हे आम्हाला मनापासून खुपते.

घनभूमितीचेच घ्या. इंटरमिजिएटला सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण वस्तू न दाखवता थेट फळ्यावर एक्सवाय रेषा मारली जाते. यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक शाळेत आहे. साधारण ३० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद जाड पुठ्ठा घ्यावा, मधोमध हलका काप देऊन काटकोनात दुमडावा. आडवा भाग जमीन, उभा भाग भिंत, दुमड म्हणजे एक्सवाय. आडव्या भागावर, भिंतीपासून दोन-तीन सेंमी सोडून, पुठ्ठ्याचा षट्कोनी लोलक ठेवावा: तळाची बाजू ३ सेंमी, उंची ६ सेंमी. लोलकाच्या तळाभोवती पेन्सिल फिरवली की प्लॅन तयार झाला. मग समोरून, डोळा त्याच उंचीवर आणून, प्रत्येक उभी कड सरळ मागे भिंतीवर जिथे पोचेल तिथे खूण करावी आणि तेथून रेघ काढावी. हे एलिव्हेशन. आता लोलक उचलावा आणि भिंत मागे आडवी पाडावी. प्लॅन एक्सवायच्या खाली आणि एलिव्हेशन वर का येते, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. प्रथम कोन पद्धत हे नाव त्यानंतर सांगितले तरी चालते.

याच लोलकावर नेहमीची चूक पकडता येते. तळाच्या दोन बाजू भिंतीला समांतर असतील तर एलिव्हेशनची एकूण रुंदी ६ सेंमी येते आणि त्यातले तीन आयत दीड, तीन, दीड सेंमी असे असतात. पाठ करून आलेले मूल तीनही आयत दोन-दोन सेंमीचे काढते, कारण गाईडमध्ये तीन आयत दिसले एवढेच त्याच्या लक्षात राहिलेले असते. लोलक फिरवून दोन बाजू भिंतीला काटकोनात आणल्या की तीनाऐवजी दोनच आयत दिसतात, प्रत्येकी सुमारे २.६ सेंमीचे, एकूण ५.२. हाताने एकदा फिरवले की हा फरक कायमचा बसतो. तिरपा अक्ष असलेल्या आकृत्यांतही क्रम चुकवू नये: आधी वस्तू सरळ उभी धरून दोन्ही दृश्ये, मग एलिव्हेशन हव्या त्या कोनात कलते करायचे, आणि तिथून खाली उतरवलेले लंब व पहिल्या प्लॅनमधून आलेल्या आडव्या रेषा जिथे छेदतात तिथे नवा प्लॅन. एकदम तिरपे काढायला गेले की मागची कड पुढे येते आणि झाकलेली रेषा ठळक होते. झाकलेली कड तुटक रेषेनेच दाखवावी. तुकडे साधारण ३ मिमी, मधली फट १ मिमी, आणि सगळीकडे सारखी.

शाळेत हे झाले नाही तर काय होते ते आयटीआयच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसते. फिटरच्या प्रशिक्षणार्थ्याला पायरीचा लोखंडी ठोकळा हातात दिला तर तो मापे बरोबर घेतो, पण त्याच ठोकळ्याचे ड्रॉइंग वाचून ठोकळा डोळ्यासमोर उभा करता येत नाही. तुटक रेषा ही आत गेलेल्या भोकाची आहे की मागच्या खाचेची, इथे तो अडखळतो. पुठ्ठ्याची भिंत तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते.

पत्र्याच्या कामात तर भूमितीची चूक थेट हातात येते. तळाची त्रिज्या ३ सेंमी आणि उभी उंची ४ सेंमी असलेला शंकू करायचा तर तिरपी उंची ५ सेंमी. म्हणजे ५ सेंमी त्रिज्येचा वर्तुळखंड कापायचा आणि त्याचा कोन ३६० गुणिले ३ भागिले ५, म्हणजे २१६ अंश. बरीच मुले तिरप्या उंचीऐवजी ४ सेंमी त्रिज्या घेतात; शंकू वळवल्यावर तो बुटका तरी होतो किंवा तळाला बसत नाही. नळीच्या कोपऱ्याचा उलगडा (वळवण्याआधीचा सपाट पत्र्याचा आकार) काढतानाची चूक याहून बारीक आहे. ७ सेंमी व्यासाच्या वर्तुळाचे १२ भाग करतात आणि एका भागाचे अंतर कंपासमध्ये धरून सरळ रेषेवर बारा वेळा टाकतात. कंपासमध्ये धरलेले अंतर सरळ जीवेचे असते, कंसाचे नसते. त्यामुळे परीघ २२ सेंमीऐवजी पावणेबावीसच्या आसपास येतो आणि नळी सुमारे अडीच मिलिमीटरने तोकडी पडते. उपाय सोपा आहे: परिघाची लांबी हिशेबाने काढून ती सरळ रेषेवर घ्यावी, त्या रेषेचे बारा भाग करावेत, आणि जोडासाठी पाच-सहा मिलिमीटरची पट्टी वेगळी सोडावी.

सरळ रेषेचे समान भाग करण्याची रीत एलिमेंटरीतच येते. एका टोकातून तिरपी रेषा, तिच्यावर सारखी पावले, शेवटचे टोक जोडून बाकीच्या समांतर रेषा. तिरपी रेषा फार कमी कोनात घेतली की समांतर रेषा मूळ रेषेला इतक्या निसटत्या छेदतात की छेदबिंदू नेमका कुठे तेच कळत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवावा. समांतर रेषा गुण्या सरकवूनच काढाव्यात, अंदाजाने नव्हे.

सुसम बहुभुजाकृतींच्या बाबतीत शिक्षकांनीच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. व्यासाचे जितक्या बाजू तितके भाग करून, व्यासावरच्या समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून दुसऱ्या खुणेवरून रेषा नेण्याची जी सर्वसाधारण रीत शिकवतात, ती चौरसाला आणि षट्कोनाला तंतोतंत लागू पडते. पंचकोनाला इतकी जवळ येते की पेन्सिलीच्या रेषेत फरक दिसत नाही. सप्तकोनाला मात्र ती अंदाजी आहे. ५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात सातवे पाऊल टाकल्यावर सुमारे अर्धा मिलिमीटर पुढे जाते. मूल बिचारे पाचपाच वेळा खोडून पुन्हा काढते आणि कागदाला भोक पाडते. दोष त्याच्या हाताचा नसतो. दिलेल्या बाजूवर अर्धवर्तुळ काढून कोनमापकाने त्याचे समान भाग करायचे आणि दुसऱ्या भागातून पुढची बाजू घ्यायची, ही रीत तत्त्वतः अचूक आहे. पंचकोनासाठी एकेक भाग ३६ अंशांचा, दोन सोडले की १०८ अंशांचा कोन मिळतो, आणि पंचकोनाचा आतला कोन तोच.

उपकरणांची निगा हा वेगळा तास घेण्याइतका विषय आहे, पण दोन गोष्टी तरी परीक्षेच्या आधी करून घ्याव्यात. गुण्या पट्टीवर टेकवून एक लंब काढावा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरा काढावा. दोन रेषा एकावर एक पडल्या नाहीत तर त्यांच्यातला कोन हा गुण्यातल्या चुकीच्या दुप्पट असतो आणि तो गुण्या बाजूला ठेवावा. कंपासचे शिसे पॉलिश पेपरवर बाहेरच्या बाजूने तिरपे घासून छिनीसारखे करावे आणि सुई शिशापेक्षा किंचित लांब ठेवावी. बोथट गोल शिशाने काढलेले वर्तुळ सुरुवातीला बारीक आणि शेवटी जाड येते. रचनेच्या रेषा एच किंवा टूएच पेन्सिलने हलक्या, उत्तराची आकृती एचबीने ठळक. रचनेच्या रेषा खोडू नयेत, रीत त्यांवरूनच तपासली जाते.

आता वस्तुचित्र, म्हणजे समोर ठेवलेल्या वस्तू पाहून काढायचे चित्र. भूमितीचा आणि याचा संबंध नाही असे ज्यांना वाटते त्यांनी तांब्याच्या तोंडाची आकृती मुलांकडून काढून घ्यावी. निम्म्याहून अधिक कागदांवर लंबवर्तुळाची दोन्ही टोके लिंबाच्या फोडीसारखी टोकदार येतील. लंबवर्तुळ कधीच टोकदार नसते. हे सांगून उपयोग नाही, ते एकदा रचनेने काढावे लागते. १० सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद लंबवर्तुळासाठी एकाच केंद्रावर ५ आणि २ सेंमी त्रिज्येची दोन वर्तुळे घ्यावीत, ३०-६०च्या गुण्याने त्यांचे बारा भाग करावेत, बाहेरच्या वर्तुळावरच्या बिंदूतून उभी आणि आतल्या वर्तुळावरच्या बिंदूतून आडवी रेषा काढावी. त्या मिळतात तिथे लंबवर्तुळाचा बिंदू. बारा बिंदू हाताने, एका लयीत जोडायचे; पट्टीने जोडले की आकृती बहुभुज होते. इतके केल्यावर टोकाचा गोलावा सुमारे ८ मिमी त्रिज्येचा आहे हे मुलाच्या डोळ्यांना दिसते आणि पुढच्या तांब्याला टोक येत नाही.

दुसरी चूक बुडाची. भांडे सपाट टेबलावर ठेवले आहे म्हणून मुले बूड सरळ रेषेने काढतात. वस्तू डोळ्याच्या पातळीखाली असेल तर बुडाचे लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा जास्त उघडे, जास्त गोल दिसते, कारण ते डोळ्याच्या पातळीपासून आणखी खाली आहे. काचेच्या पेल्यात पाणी भरून तीन लंबवर्तुळे एकाखाली एक दाखवली की हे पटते: काठाचे सर्वांत चपटे, पाण्याचे मधले, बुडाचे सर्वांत भरलेले. आणि पेला आडवा पडला असेल तर लंबवर्तुळाचा लांब अक्ष पेल्याच्या अक्षाला काटकोनात येतो, कागदाच्या कडेला समांतर नव्हे.

मांडणीबद्दलही बोलायला हवे. एका मांडणीभोवती पन्नास मुले बसवली तर मागच्यांना वस्तूंचा पुढचा भाग दिसतच नाही. ती पुढच्या मुलाच्या कागदावरून उतरवतात. समूहाच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर मूल बसावे आणि मांडण्या तीन-चार कराव्यात. बादली, भोपळा, वांगे, दुमडलेला रुमाल एवढ्यात काम भागते.

संकल्पचित्रात पाठ केलेली नक्षी थांबवायची तर पुनरावृत्ती हाताने करून घ्यावी. ६ सेंमीच्या चौरसात, कडा न शिवता, मधोमध आकृती काढायची. चौरस उभा मधोमध कापून दोन अर्ध्या भागांची अदलाबदल करायची. आता कडा आत आल्या आणि मध्ये रिकामी जागा दिसते, ती भरायची. मग तेच आडवे कापून. या चौरसाचे ट्रेसिंग चारही बाजूंना लावले की जोड दिसत नाही. छापील कापडाची आणि भिंतीच्या कागदाची नक्षी याच तत्त्वावर बसते. अशी नक्षी कोणत्याही गाईडमधून उतरवता येत नाही.

अक्षरलेखनात जागेचा हिशेब आधी आणि अक्षर नंतर. सहा सेंमी उंचीची पट्टी असेल तर वर दीड सेंमी वेलांटी, मात्रा आणि रफार यांना, मध्ये तीन सेंमी अक्षराला, खाली दीड सेंमी उकाराला. डावीकडून लिहीत सुटले की शेवटचे अक्षर चेपले जाते. म्हणून आधी हलक्या पेन्सिलने प्रत्येक अक्षराची रुंदी धरावी, र आणि ग यांना कमी, अ, क, ज्ञ यांना जास्त. अक्षरांमधले अंतर पट्टीने सारखे केले तर ते डोळ्याला सारखे दिसत नाही. दोन उभ्या दांड्या शेजारी आल्या तर थोडे जास्त, र किंवा ट नंतर थोडे कमी. बोरूचा (तासलेल्या काडीच्या लेखणीचा) काप देवनागरीसाठी रोमन लिपीच्या उलट बाजूला तिरपा लागतो. रोमनच्या निबने लिहिलेल्या मराठी अक्षरात जाड-बारीक चुकीच्या जागी येते. बोरू नसेल तर दोन पेन्सिली एकत्र बांधून लिहिले तरी जाड कुठे आणि बारीक कुठे ते उमजते. तांत्रिक ड्रॉइंगमध्ये अक्षरांच्या उंची २.५, ३.५, ५, ७, १० मिमी अशा ठरलेल्या असतात, प्रत्येक पुढची मागच्याच्या साधारण १.४ पट. शाळेत जागेचा हिशेब शिकलेल्याला हे जड जात नाही.

संगणकाबद्दल एवढेच. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर लंबवर्तुळ एका क्षणात काढते, पण बुडाचे लंबवर्तुळ किती उघडे हवे, एलिव्हेशनमध्ये दोन आयत हवेत की तीन, हे सांगावे आपल्यालाच लागते. चुकीचे सांगितले तर ते चुकीचेच आणि अतिशय स्वच्छ काढून मिळते.

या परीक्षा घेणाऱ्या कला संचालनालयाकडे आणि शाळांकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. कर्तव्यभूमिती, घनभूमिती आणि अक्षरलेखन यांचा पेपर कायम ठेवावा. घनभूमितीच्या एका प्रश्नात प्रत्येक टेबलावर पुठ्ठ्याची वस्तू ठेवून, मुलाने ती स्वतः मोजून दोन दृश्ये काढावीत असे करावे. मापे केंद्रागणिक वेगळी ठेवली की पाठांतर आपोआप निरुपयोगी होते. संकल्पचित्रात जोडणारा चौरस विचारावा. आणि चित्रकलेचे तास परीक्षेच्या तोंडावर इतर विषयांना देण्याची प्रथा थांबवावी. पुठ्ठ्याची भिंत, लोलक, शंकू आणि चौरस पिरॅमिड यांचा एक संच करायला एका वर्गाला दोन तास पुरतात. तो मुलांनीच करावा, कारण लोलकाचा उलगडा कागदावर काढून, चिकटवण्याच्या पट्ट्या सोडून, कापून उभा करणे हा त्या पेपरचा अर्धा अभ्यास आहे.

आपले,
एक कलाशिक्षक व एक आयटीआय निदेशक